आंब्याचा मीठा आणि मूठभर चारोळी



मे महिन्याचा हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्या घरी आंब्याची एखादी टोपली तरी येऊन गेलेली असेल. रसाच्या वाट्या झाल्या असतील, रसासोबत शेवया झाल्या असतील, आमच्या विदर्भातल्या बहिणींच्या घरी सरगुंडेही झाले असतील. आठ-दहा दिवस असे गेले की मुले म्हणू लागतात, ‘‘अम्मी, रोज रसच का?’’ टोपलीच्या तळाशी राहिलेले आंबे तोवर मऊ पडू लागतात आणि एक-दोन दिवसांत काहीतरी केलेच पाहिजे अशी वेळ येते. या वेळी आम्ही त्याच आंब्यांचा एक साधा, गरम खाण्याचा गोड पदार्थ सांगणार आहोत. आमच्या घरी त्याला ‘आंब्याचा मीठा’ म्हणतात. कृती अर्ध्या-पाऊण तासाची आहे. पण त्यावर जी मूठभर चारोळी पडते, तिची हकिगत थोडी लांब आहे. ती आधी सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय हा पदार्थ आम्हाला पुरता सांगितल्यासारखा वाटत नाही.

आम्ही एटापल्लीला राहतो आणि सूरजागडच्या वाटेवरच्या एका गावातल्या शाळेत शिकवतो. सूरजागड म्हटले की आज बाहेरच्या माणसाला लोखंडाचा डोंगर आठवतो. ते खरेच आहे. उन्हाळ्यात गाडीवरून शाळेत पोहोचेपर्यंत आमची ओढणी लाल होते. पण इथे राहणाऱ्या माणसाचा उन्हाळा झाडांवर मोजला जातो. आधी मोहफूल, मग चार, मग टेंभरे, तेंदूपत्ता, आंबा आणि पावसाच्या तोंडाशी जांभूळ. परीक्षेच्या दिवसांत वर्गात मुले कमी का दिसतात, हे नव्या शिक्षकाला कळत नाही. आम्हालाही पहिली दोन वर्षे कळले नव्हते. हजेरीपटावर आम्ही गैरहजेरी लिहीत होतो आणि मुले पहाटेपासून आईच्या मागे जंगलात वेचायला जात होती.

आता मीठा आमच्या घरी कसा आला ते सांगतो. आमचे आजोळ सिरोंचाचे. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि नदीपलीकडे तेलंगण लागते. त्यामुळे सोयरीक पलीकडची, लग्नाची जेवणे पलीकडच्या धर्तीची. बिर्याणीनंतर खुबानीचा मीठा असायचाच. सुकी खुबानी रात्रभर भिजवायची, सकाळी बी काढून साखरेत मंद शिजवायची, वरून साय. बी फेकायची नाही. ती फोडून आतला गर मीठ्यावर घालायचा. नानी म्हणायच्या, ‘‘जिस का गूदा खाया, उस की गुठली का भी हक़ है.’’ पण खुबानी महाग, थंड मुलखातले फळ, सणालाच यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी नातवंडे जमलो की नानी त्याच रीतीने गावरान आंब्याचा मीठा करायच्या आणि वर खुबानीच्या बीऐवजी चारोळी घालायच्या. पलीकडच्या तेलुगू शेजारणी तिला सारपप्पू म्हणत, आमच्या घरात उर्दूत चिरौंजी आणि बाजारात मराठीत चारोळी.

सातवीच्या वर्गाला फळांचे प्रकार शिकवताना आम्ही ही तिन्ही फळे एकत्र सांगतो. वर साल, मग गर, मधे एकच टणक कवच आणि त्या कवचात बी. आंबा तसा, खुबानी तशी, बोर तसे, आलुबुखारा तसा आणि आपला चारही तसाच. फरक एवढाच की आंब्याची आपण गोही टाकतो आणि गर खातो. चाराचा गर इथली मुले झाडाखालीच खातात आणि शहरात पोहोचते ती फक्त बी. आणखी एक गोष्ट सांगितली की मुलांना नवल वाटते. आंबा, चार, काजू, पिस्ता आणि बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला का भाजतो आणि बिब्बा अंगावर का उततो, हे त्यावरून मुलांच्या चटकन लक्षात येते.

चार न पाहिलेल्या बहिणींसाठी सांगतो. सूरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकुरदेवाची यात्रा भरते, त्या सुमारास चाराला मोहोर येऊ लागतो. एप्रिल-मेमध्ये वाटाण्याएवढी फळे आधी हिरवी, मग जांभळट काळी होतात. चव गोड, किंचित आंबट. मुले खिसे भरून शाळेत आणतात आणि वहीच्या पानांना जांभळे डाग पडतात. त्याबद्दल आम्ही रागावणे कधीच सोडले.

आता हकिगत.

२०२२ सालचा रमजान एप्रिलमध्ये आला होता. सातवीतली एक हुशार मुलगी परीक्षेच्या आधी आठ-दहा दिवस शाळेत आली नाही. एके दिवशी तिची आई आमच्या दारात उभी. डोक्यावरच्या टोपलीत फडक्यात बांधलेली चारोळी. मागच्या उन्हाळ्याची, राखून ठेवलेली, किलोभर तरी असेल. ‘‘मॅडम, घ्याल का? तुमचा सण आहे ना.’’ आम्हाला आनंद झाला. शीरखुर्म्याला चारोळी लागतेच. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावात दोनच वस्तू असल्या तरी चारोळीशिवाय आमच्याकडे कुणी त्याला शीरखुर्मा म्हणणार नाही. ‘‘काय द्यायचे?’’ आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘‘तुम्ही द्याल ते.’’

आम्ही आत गेलो आणि डबाभर तांदूळ आणला. वर मिठाची एक पिशवी ठेवली. या भागात चारोळीच्या बदल्यात मीठ देण्याची रीत जुनी आहे, तसेच आम्हीही केले. खरे सांगायचे तर मनात आपण थोडे जास्तच दिले असे वाटले. तिने काही न बोलता तांदूळ फडक्यात बांधला आणि गेली.

ईद ३ मे रोजी झाली. त्याआधी कपड्यांसाठी चंद्रपूरला गेलो होतो. गोल बाजारात सुक्या मेव्याच्या दुकानात काजू घेताना सहज चारोळीचा भाव विचारला. किलोला हजार रुपयांच्या वर. मुलांच्या अब्बांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. एसटीच्या परतीच्या प्रवासात एकच विचार डोक्यात होता. पवित्र कुरआनात मापात कमी देणाऱ्यांबद्दल एक सूरहच आहे. आम्ही डबा काठोकाठ भरून दिला होता, मापात काही मारले नव्हते. मापच चुकीचे होते. मीठ देऊन आम्ही मीठा घेऊन आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. उरलेले पैसे पुढे केले. ती घेईना. ‘‘दिली ती दिली, मॅडम.’’ आम्ही म्हटले, ‘‘ही मदत नाही, तुमचे येणे आहे. आमच्याकडे राहिले होते.’’ बऱ्याच वेळाने ती बोलली. मुलीला आठवीसाठी तालुक्याला वसतिगृहात घालायचे होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो, चार वेळा येण्याजाण्याचे भाडे. त्यासाठीच वर्षभर राखलेली चारोळी तिने काढली होती. रोख पैसे मागायला ती लाजली आणि रोख पैसे विचारायला आम्ही विसरलो. तांदूळ तर तिच्या घरात रेशनचा होताच. तीन हजारांहून जास्त दिवस मुलांना हिशेब शिकवणाऱ्या माणसाला एवढा साधा हिशेब सुचला नाही.

तिने पैसे घेतले, पण एका अटीवर. ‘‘चार कसा होतो ते एकदा या बघायला.’’

मग सुट्टीत फज्रची नमाज झाली की आम्ही तिच्यासोबत निघालो. तीन सकाळी गेलो. चाराची फळे झाडावर घोसात असतात, पण पिकलेली आणि कच्ची एकाच घोसात. पिकलेलीच तोडायची म्हणजे एकेक बोटाने निवडावी लागतात. नऊ वाजता ऊन डोक्यावर आले तेव्हा आमची टोपली अर्धीही भरली नव्हती. घरी आणून फळे रात्रभर पाण्यात भिजवली. सकाळी गोणपाटावर घासून काळी साल आणि गर काढला, धुतले, बिया तीन दिवस कडक उन्हात वाळवल्या. मग जाते. जोर जास्त झाला तर आतल्या गराचा भुगा होतो, कमी झाला तर कवच फुटत नाही. आमचा पहिला घाणा सगळा भुगाच झाला. सुपाने पाखडून, एकेक दाणा वेचून झाला तेव्हा किलोभर बियांतून जेमतेम दीड वाटी चारोळी निघाली. तळहात आठवडाभर काळे राहिले.

दीड वाटी! शीरखुर्म्याच्या पातेल्यात आम्ही इतकी वर्षे मूठ भरून टाकत आलो होतो.

त्या तीन सकाळी आणखी एक गोष्ट कळली. आंबा पिकेपर्यंत गावातले कुणी घाई करत नाही. माडिया गावांत नव्या फळाचा पंडुम, म्हणजे सण, झाल्याशिवाय ते फळ तोडून खात नाहीत. आंब्याच्या सणाला मरका पंडुम म्हणतात. मरका म्हणजे आंबा. चाराला मात्र आता भाव आहे, म्हणून स्पर्धा आहे. आज आपण ठेवला तर उद्या दुसरा कुणी तोडेल, या भीतीने पुष्कळ ठिकाणी हिरवाच तोडला जातो, कुठे कुठे तर फांदीच छाटली जाते. कच्च्या फळात दाणा भरलेला नसतो, म्हणजे वजनही कमी आणि भावही कमी. आणि पिकून खाली पडलेले फळच नाही तर नवे रोप कुठून येणार? फांदी गेली की पुढची कितीतरी वर्षे त्या जागी फळ नाही.

हे ऐकताना आम्हाला बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली ती हदीस आठवली. फळ पिकू लागल्याची खूण दिसेपर्यंत त्याची विक्री करण्यास प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. बीएडच्या दिवसांत ती वाचली तेव्हा मदिनेतल्या खजुराच्या बागा डोळ्यांपुढे आल्या होत्या. तिचा अर्थ आपल्या तालुक्यातल्या चाराच्या झाडाखाली उभे राहून कळेल, असे कधी वाटले नव्हते.

कायद्याने आज परिस्थिती पूर्वीसारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोहफूल, चारोळी, डिंक, मध यांवर, जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे अनेक ग्रामसभांनी ती वाट धरली. गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत देण्याची केंद्राची योजना २०१३-१४ पासून आहे आणि चारोळीच्या बिया त्या यादीत आहेत. जिथे ग्रामसभा एकत्र बसून ठरवते की अमुक दिवसाआधी चार तोडायचा नाही, तिथे झाडही राहते आणि दाणाही भरतो. पण कायदा दारात येत नाही, दारात येते ती टोपली. टोपलीसमोर आपण कसे वागतो ते आपल्याच हातात असते.

आता मीठा करू या. तिखटाच्या जेवणानंतर तो फार छान लागतो.  मटणाच्या जेवणावर थंड आइस्क्रीमपेक्षा हा कोमट मीठा पोटाला हलका वाटतो. सुंठ असल्यामुळे जेवण जड वाटत नाही.

साहित्य (सहा माणसांसाठी) : गावरान रसाळ पिके आंबे १२ ते १५, म्हणजे रस साधारण ४ वाट्या, एक घट्ट पिका आंबा फोडींसाठी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, आंबा आंबट असेल तर एक वाटी, साजूक तूप २ मोठे चमचे, चारोळी ३ मोठे चमचे, सुंठपूड अर्धा लहान चमचा, वेलची ४, मीठ एक चिमूट, सायीचे दूध अर्धा लिटर.

कृती : आंबे तासभर गार पाण्यात घालून ठेवा. देठ काढा, देठाजवळचे पहिले दोन-चार थेंब चीक पिळून टाकून द्या आणि आंबा पुसून घ्या. आमच्याकडे रस्त्याकडेच्या झाडाचा आंबा असेल तर आम्ही लाल धुळीमुळे दोनदा धुतो. हाताने माचून रस काढा. साली आणि गोह्या अर्धी वाटी पाण्यात पिळून तेही पाणी रसात घाला. नानींचा गुठलीचा हक़ इथे असा द्यायचा. गावरान आंब्याला रेषा फार असतात, म्हणून रस मोठ्या भोकाच्या चाळणीतून गाळा.

दूध आधीच दुसऱ्या चुलीवर आटायला ठेवा. निम्मे झाले की उतरवून कोमट होऊ द्या. त्यात साखर घालू नका.

रस जाड बुडाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मंद आचेवर ठेवा. गंज स्टीलचा किंवा कल्हई केलेला हवा. लोखंडी कढईत आंबट रस काळा पडतो आणि चव बिघडते, बिनकल्हईच्या पितळेत तर मुळीच करू नका. पहिली दहा मिनिटे नुसता रसच शिजवा आणि सतत हलवत राहा. तो घट्ट होऊ लागला की बुडबुडे फुटून वर उडतो. हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा कलथा घ्या आणि मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नका. रस थोडा आटल्यावर गूळ घाला. आधी घातला तर तळाला लागतो. गूळ विरघळला की पुन्हा पातळ होईल, घाबरू नका. आणखी दहा-बारा मिनिटे हलवा. कलथ्याने तळाला रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली, म्हणजे झाला. निवल्यावर तो घट्ट होतो, म्हणून किंचित सैल असतानाच पुढे जा. घट्ट आंब्याच्या फोडी, एक चमचा तूप, सुंठ, वेलची आणि मीठ घालून दोन मिनिटे झाकून ठेवा आणि आच बंद करा.

उरलेल्या चमचाभर तुपात चारोळी परता. तिला जेमतेम एक मिनिट पुरते. गुलाबी झाली की लगेच उतरवा, पुढे क्षणात करपते आणि कडू होते.

वाढताना आधी वाटीत गरम मीठा, त्यावर दोन चमचे आटवलेले दूध, वर तुपासकट चारोळी. दूध गंजात ओतून एकत्र उकळायचे नाही, कारण गावरान आंब्याच्या आंबटपणाने ते फाटते. वाटीतच दूध आणि मीठा एकमेकांत मुरू द्या.

आता काही सूचना. गावरान आंबा मिळत नसेल तर बैंगनपल्लीचा करता येतो. तो गोड आणि कमी आंबट असतो, म्हणून गूळ निम्मा घ्या आणि शेवटी लिंबाचे अर्धा चमचा रस घाला, नाहीतर चव सपाट लागते. कार्बाइडने पिकवलेला आंबा वरून पिवळाधमक आणि आतून कच्चा, बेचव असतो. तो शिजवून सुधारत नाही. कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, तेव्हा दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. खुबानीचा करायचा असेल तर पाव किलो सुकी खुबानी रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात शिजवा, बाकी सगळे असेच. साखरेचा आजार असलेल्यांनी चमचाभर चाखावा. गूळ घातला म्हणून तो चालतो असे नाही. उरला तर दूध न घालता फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, गरम करताना थोडे पाणी घालावे.

चारोळी घेताना एक दाणा चावून पाहा. ताजी गोडसर लागते, जुनी खवट. तिच्यात तेल खूप असते, म्हणून उघड्या डब्यात ती लवकर बिघडते. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार महिने चांगली राहते. आणि शक्य असेल तिथे ग्रामसभेकडून, महिला बचत गटाकडून किंवा थेट वेचणाऱ्या बाईकडून घ्या. भाव आधी विचारा, बाजारातला भाव माहीत करून घ्या आणि पैसे रोख द्या. ‘तुम्ही द्याल ते’ असे कुणी म्हटले की आपण थांबून विचार करावा. त्या शब्दांत समोरच्याने हिशेब आपल्या ईमानावर सोडलेला असतो.

गेल्या तीन उन्हाळ्यांत आमच्या घरी एक रीत पडली आहे. पहिला मीठा झाला की एक डबा त्या घरी जातो. त्यांच्या घरात तुपातले गोड फारसे होत नाही. पहिल्या वर्षी त्या मुलीच्या आजीने बोटाने चाखले, तोंड वाकडे केले आणि माडियात काहीतरी म्हणाली. मुलगी हसत सुटली. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘आजी म्हणते, आंबा चांगला होता, त्याला शिजवला कशाला?’’ आता मात्र आजीच विचारते की डबा आला का. परतीच्या डब्यात आम्हाला चार मिळतो, पिकलेला, काळाभोर. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, हे आमच्या अम्मी शिकवायच्या. त्या घरात ते कुणी न शिकवता आहे.

ती मुलगी वसतिगृहात राहिली. आठवीत दोनदा पळून घरी आली, दोन्ही वेळा तिची आई तिला पायी चालत परत सोडून आली. यंदा ती दहावीला बसली आहे. आम्ही हे लिहीत आहोत तेव्हा निकाल लागायचा आहे. परवा ती घरी आली होती. हात काळे होते. आम्ही विचारले, ‘‘परीक्षेनंतर आराम नाही का?’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, अकरावीचे पैसे नकोत का? आणि यंदा गावाने ठरवले आहे, पिकल्याशिवाय कुणी तोडायचा नाही. म्हणून थोडे उशिरा लागतो आहे.’’ मग तिनेच पिशवी पुढे केली आणि भाव सांगितला. बाजारभावापेक्षा रुपयाही कमी नाही. आम्ही मोजून पैसे दिले. तिने ते आमच्यासमोर पुन्हा मोजले. आम्हाला फार बरे वाटले. मोजायला आम्हीच तर शिकवले होते.

तुमच्या घरचा मीठा कसा झाला, कुणी कोणते फळ वापरले, ते जरूर कळवा. या मुलीच्या निकालासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्या लेकरांसाठी दुआ करा. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानभाज्यांबद्दल बोलू.

अल्लाह हाफिज.